त्या यादीतलं माझं नाव

सई, ओम —

हे तुमच्या आजोबांना ठाऊक नव्हतं, आणि ते जाईपर्यंत मी सांगितलं नाही. तुमच्या बाबाला आजही ठाऊक नाही. माझी रोजची डायरी — दूध किती, फोन कुणाचा, औषध घेतलं की नाही, जिच्यावर तुम्ही दोघं हसता — तिच्यातही हे नाही. परवा त्या सालची डायरी काढून तो दिवस उघडला. लिहिलंय : "दुपारी कॉम्प्युटर रूममध्ये पत्रव्यवहार. लाईट चार वेळा गेली." एवढंच. एक शब्द खोटा नाही. आणि तेच वाचून मी हादरले — त्या संध्याकाळी इतक्या स्वच्छ अक्षरात कसं लिहिलं मी हे?

सई, गेल्या रविवारी तुझा फोन आला. "आजी, तू माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेस!" मला वाटलं, एखादा जुना फोटो सापडला असेल. मग तू वाचून दाखवलंस. छपाईचा एक प्रोग्रॅम, सगळ्यांना फुकट आणि खुला. त्याच्यासोबत एक यादी येते, ज्यांनी ज्यांनी त्याला हातभार लावला त्यांच्या नावांची. त्या शेकडो नावांमध्ये — मिसेस व्ही. आर. कुलकर्णी, अहमदनगर, इंडिया. "बाकी कुणाच्याच नावामागे मिसेस नाहीये गं, म्हणून तर लगेच सापडलीस!" किती हसलीस तू. त्या पानाची प्रत भिंतीवर लावलीस म्हणालीस. शाळेत त्यावर बोलणार आहेस म्हणालीस — माझ्या आजीनं काय केलं, या विषयावर.

मी काय उत्तर दिलं, आठवतं? "बरं. जेवलीस का?"

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. दूधवाला बेल वाजवून निघून गेला तरी उठले नाही. अजून आहे ते तिथे? ते मशीन भंगारात जाऊन कितीतरी वर्षं झाली. ती खोली पाडून तिथे सायकल स्टँड झाला. नगर शहराचं, जिल्ह्याचंसुद्धा नाव बदललं. आणि ती एक ओळ तशीच? इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्या जुन्या पेटीबरोबर तीही गेली. धरून चालले होते — म्हणजे त्याच्या भरवशावर झोपत होते.

तुम्हाला सगळं क्रमानं सांगते. मला क्रमाशिवाय काही सांगता येत नाही.

शेवगावच्या बाजूला एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते, हे तुम्हाला माहीत आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. यात कॉलेजचा काही दोष नाही. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. कॉलेजात एकच बरा कॉम्प्युटर होता, आणि पुस्तकांची कार्डं छापायला त्याला एक खरखर करणारा प्रिंटर जोडलेला. तुमचा बाबा तेव्हा पुण्यात नोकरीला लागला होता. एकदा येताना त्यानं कॉम्प्युटरचं एक मासिक आणलं. त्याच्याबरोबर एक सीडी फुकट होती. त्या सीडीवर कॉम्प्युटर चालवणारी एक अख्खी प्रणाली होती — विकत घ्यावी लागत नव्हती, कुणालाही कॉपी करून देता येत होती. मला ते चोरीचंच वाटलं. फुकट कोण देतं असं काही?

ती सीडी मी सुनंदाकडे दिली.

सुनंदा साळवे. कॉम्प्युटर रूममध्ये रोजंदारीवर होती. नावाला लॅब अटेंडंट. करायची सगळंच — झाडून काढायची, धूळ पुसायची, आणि मशीन बंद पडलं की चालूही करायची. बी. एस्सी. झालेली. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. लहानपणी तीही गेलेली, कोयत्याचा एक वण मनगटावर होता. इंग्रजी तिला वाचता यायचं, अडखळत. लिहिताना घाबरायची. पण त्या सीडीवरचं जे होतं — ते इंग्रजी नव्हतंच तिच्यासाठी. आठवड्याभरात ती धावत ग्रंथालयात आली. वाचनकक्षात पोरं वाचत बसलेली, आणि ही मोठ्यानं —

"मॅडम, ह्यात समदं उघडं हाय! कसं केलंय ते पन आत लिवलेलं हाय!"

"हळू बोल," मी म्हणाले. ग्रंथपाल होते ना मी.

तिनं दाखवलं तेव्हा मात्र मीच खुर्ची ओढून बसले. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात काय आहे, कुणी लिहिलं, का लिहिलं, कुठे अडलं — सगळं वाचायला ठेवलेलं. आणि सोबत अटींचं एक लांबलचक इंग्रजी पत्रक. ते तिला उलगडेना. मग तीन दुपारी बसून मी ते तिला मराठीत सांगितलं. वापरा. आत डोकावून पाहा. बदला. दुसऱ्याला द्या, आणि देताना त्यालाही हेच सगळे हक्क द्या, काही झाकून ठेवू नका. आणि ज्यांनी लिहिलं त्यांची नावं काढू नका.

मी जन्मभर पुस्तकांत पेन्सिलीची रेघ दिसली तरी ओरडणारी बाई. इथे कुणी तरी सांगत होतं — खुशाल लिहा यात, खोडा, सुधारा, पुढे द्या. फक्त पहिलं पान फाडू नका. मी सुनंदाला अगदी याच शब्दांत सांगितलं. पहिलं पान फाडायचं नाही. त्या कॉलेजात ती अट माझ्याइतकी कुणालाच कळलेली नव्हती. हे लक्षात ठेवा.

आता विजेचं. आमच्याकडे तेव्हा दिवसातून चार-सहा वेळा लाईट जायची. पन्नास कार्डं छापायला लावावीत, एकतिसाव्याला लाईट जावी; आली की प्रिंटर पुन्हा पहिल्यापासून सुरू. कार्डं वाया, शाई वाया, माझा जीव वरखाली. सुनंदा शेजारी उभी राहून म्हणायची, "ह्याला कळतच न्हाई मॅडम, आपन कुठवर आलो हुतो ते."

एकदा मी वैतागून म्हणाले, "आपोआप का नाही कळत त्याला?"

तिला हसू आलं. "आपोआप काय होत नसतं मॅडम. कुनीतरी लिवलंय म्हनून होतं. हे कुनी लिवलंच न्हाई. ज्यांनी ह्ये केलं त्यांच्याकडं लाईटच जात नसंल."

आणि तिनं लिहिलं. दोन-अडीच महिने लागले. प्रत्येक कार्ड छापून झालं की मशीननं एक खूण करून ठेवायची. लाईट आली की खूण बघायची आणि पुढच्या कार्डापासून सुरू करायचं. सांगायला इतकं सोपं. पहिल्यांदा ते चाललं तो दिवस मला लख्ख आठवतो. एकतीस कार्डं झाली आणि लाईट गेली. आली. प्रिंटर खरखरला. बत्तिसावं कार्ड बाहेर आलं. बत्तिसावं! सुनंदानं माझा हात धरला, आणि मी तो काढून घेतला नाही. हे असं का लिहिलं मी — काढून घेतला नाही? लिहिलंय खरं. राहू दे. त्या काळी मला ते नोंद करण्यासारखं वाटलं होतं, हेही तुम्हाला कळू दे.

हे त्या सीडीवरच्या छपाईच्या प्रोग्रॅमच्या मूळ लोकांना पाठवायचं, असं तिनंच सुचवलं. "त्यांनी आपल्याला दिलं, आपन पन द्यायचं की." कॉलेजला इंटरनेटचं एकच खातं होतं, माझ्या नावावर, पुण्याला एसटीडी फोन लावून ईमेलचं टपाल यायचं-जायचं. इंग्रजी माझं, काम तिचं, असं ठरलं. आमच्याकडे वीज कशी जाते, काय होतं, त्यावर आम्ही काय केलं — असं एक पत्र मी परदेशी त्यांच्या पत्त्यावर धाडलं. छान पत्र होतं. माझी इंग्रजी पत्रं छानच असतात.

त्याच दिवसांत कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्स सुरू व्हायचा होता. शिकवायला एक जागा निघणार होती. सुनंदा हिय्या करून प्राचार्यांना भेटायला गेली आणि मला सोबत घेऊन गेली. सर वाईट नव्हते, पण त्यांना सही-शिक्क्याशिवाय काही दिसत नसे.

"अगं, तुला येतं हे मी मानलं. पण कागद काय आहे तुझ्याकडे? सर्टिफिकेट?"

"सर्टिफिकेट न्हाई सर. पन आमी केलेलं काम त्यांनी घेतलं, तर त्यांच्या यादीत नाव येनार. सीडीवर."

"सीडीवर गाणी येतात बाई. नावं कधीपासून यायला लागली?" सर हसले. मग जरा विचार करून म्हणाले, "बरं, येऊ दे. छापील दाखव. मी संस्थेत शब्द टाकतो."

हे माझ्यासमोर झालं. मी खुर्चीवर बसले होते, ती उभी होती. तिच्यासाठी ती यादी म्हणजे काय होतं, हे मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही. रोजंदारी सुटून शिकवायची जागा मिळाली, तर लग्नानंतरही नोकरी चालू ठेवायला सासरचे तयार होते. होय, तिचं लग्न ठरलं होतं. काष्टीचं स्थळ. मुलगा गरीब, चांगला. "पगार असंल तर एसटीनं ये-जा कर म्हनलेत, न्हाईतर खोली कर," असं तिनं मला सांगितलं होतं. पगार असेल तर.

आणि मग उत्तर आलं.

मंगळवार होता. सुनंदा घरच्यांबरोबर नगरला लग्नाचा बस्ता बांधायला गेली होती — म्हणजे लग्नाचे कपडे एकदम खरेदी करायला. जाताना सांगून गेली, "पत्र आलं तर वाचून ठेवा मॅडम." मी एकटी होते. पत्र लहान होतं, पण इतकं आदबीनं लिहिलेलं. दिवसातून सहा वेळा वीज जाऊ शकते हे आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं; तुमची कल्पना उत्तम आहे; काम पाठवा, आम्ही ते आत घेऊ. आणि शेवटी — यादीत आपलं नाव कसं लिहायचं ते कळवा. या कामात आणखी कुणी असेल तर त्यांचंही.

आणखी कुणी असेल तर.

मी ते तीनदा वाचलं. काय झालं मला तेव्हा? ते 'आपलं नाव' माझ्या डोक्यात घुसलं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावांची कार्डं करत होते. लेखक, आडनाव आधी, मग नाव, स्वल्पविराम, पूर्णविराम. हजारो नावं. माझं कुठल्याच कार्डावर नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीत पहिली आलेली मी. तीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, आपलं नाव कसं लिहायचं. हे कारण म्हणून सांगत नाही. काय झालं ते सांगते आहे.

सुनंदाची फ्लॉपी खणात होती. पाठवण्यापूर्वी तिच्या इंग्रजी ओळी तपासाव्यात म्हणून मी ती उघडली. स्पेलिंग सुधारायला — खरंच, फक्त स्पेलिंग सुधारायला. सगळ्यात वर दोन ओळी होत्या. पहिली : हे सुनंदा साळवे हिनं लिहिलं. दुसरी : यातलं इंग्रजी कुलकर्णी मॅडमचं.

मी तिला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. तिनंच, आपण होऊन, मलाही त्या पहिल्या पानावर घेतलं होतं.

इंग्रजीत तिचं नाव सात अक्षरांचं. मग एक मोकळी जागा. मग आडनाव, पाच अक्षरं. तेरा. खोडायचं बटण तेरा वेळा दाबलं मी. एकदम पुसायचीही युक्ती असते, पण ती मला तेव्हा येत नव्हती. त्यामुळे एकेक अक्षर गेलं. मधे कुठेही थांबता आलं असतं. मी मोजत होते, सई. त्या जागी माझं नाव लिहिलं, मिसेससकट. दुसरी ओळ काढून टाकली — आता तिची गरज नव्हती. मग एसटीडी लावला आणि ते सगळं पाठवून दिलं. हात अजिबात थरथरला नाही. आजवर मला सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट हीच — हात थरथरला नाही.

घरी जाताना मनात एक कारण तयार होतं. तिचं लग्न होणार. सासरी नाव बदलणार. तिनंच सांगितलं होतं, तिकडे 'सुजाता' ठेवणार आहेत. साळवे जाणार, सुनंदाही जाणार. मग यादीत कुठलं नाव घालायचं? ग्रंथालयाचा नियमच आहे — जे नाव टिकणारं, त्याखाली नोंद करा. मी नियमानं वागले. आत्तापुरतं माझं घातलं, पुढे बदलता येईल. किती व्यवस्थित आहे ना हे कारण? वर्षानुवर्षं मी ते घडी घालून जपलं. सुनंदा परत आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं — त्यांनी काम मागितलं, मी पाठवलं.

चार-पाच महिन्यांनी मासिकाबरोबर नवी सीडी आली. लग्न होऊन पंधरवडा झाला होता; सुनंदा हिरव्या बांगड्या भरून, एसटीनं तीन तास प्रवास करून आली होती. तिनं सीडी लावली, आणि — मला वाटलं नव्हतं ती असं करेल — आधी प्राचार्यांना बोलावून आणलं. स्वतः पाहण्याच्या आधी. इतका भरवसा.

यादी आडनावांच्या अक्षरानुसार. ती सरळ साळवेंच्या जागी गेली. वर गेली, खाली गेली. पुन्हा वर. सर घड्याळ बघत उभे. कुठे शोधायला हवं ते मला माहीत होतं. मी तिच्या मागे उभी राहून तिची वेणी बघत होते.

"नसंल आलं," ती म्हणाली. सरांना म्हणाली, माझ्याकडे न बघता.

"असू दे, असू दे. पुढच्या वेळी." सर वळले, आणि तेवढ्यात तिचं बोट यादीत वर सरकत थांबलं. माझं नाव. त्यापुढे एका ओळीत — वीज गेल्यावर छपाई पुढे चालू ठेवण्याची सोय.

सरांनीही ते वाचलं. "अरे! मॅडम, हे तुम्ही? आणि बोलला नाहीत!"

आणि मी — ऐका आता — मी सुनंदाकडे वळून म्हणाले, "अगं, ते आपोआप येतं. खातं माझ्या नावावर आहे ना, म्हणून नाव आपोआप माझं पडतं."

आपोआप. तिलाच सांगितलं मी हे. जिनं मला शिकवलं होतं की यात आपोआप काहीच होत नसतं, तिला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, भांडले असते. एखादा प्रोग्रॅम चुकला की ती पडद्याकडे जशी बघायची, तशी बघत होती — कुठली ओळ चुकली ते शोधत. मग तिला ती सापडली. तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं.

"असंल," ती म्हणाली. आणि फडक्यानं टेबल पुसायला लागली.

शिकवायची जागा नगरच्या एका सर्टिफिकेटवाल्याला गेली. सरांनी शब्द टाकला नाही, कारण टाकायला कागदच नव्हता. स्नेहसंमेलनात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि सरांचं भाषण — आपल्या ग्रंथपाल मॅडमचं नाव जगाच्या पाठीवर पोचलं. ती तपकिरी शाल, ओम, जिच्यात तू लहानपणी इथे आलास की गुरफटून झोपायचास. तीच ती. सुनंदा तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या. तुम्हाला वाटेल मी नजर चुकवली असेल. नाही. मी तिच्याकडे बघून हसले.

महिनाअखेर तिनं रोजंदारी सोडली. एसटीचं भाडं परवडत नव्हतं. जाताना खणाची किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाली, "फ्लॉपी आत हाय मॅडम. लागंल तुमाला." टोमणा होता का तो? मी कितीदा त्याचा विचार केला. आता वाटतं, नसावा. मला ती लागेल असं तिला खरंच वाटलं असेल. कुणाचं काही झाकून ठेवायचं नाही, हे तिनं माझ्याकडूनच ऐकलं होतं.

अजून एक राहिलंय. ते मी टाळत आले, या पत्रातसुद्धा.

वर मी ते नावाचं कारण लिहिलं — लग्नानंतर बदलणार, म्हणून कुठलं घालायचं. मी तिला आधीच विचारलं होतं. बस्त्याला जायच्या आदल्या दिवशी, चहा पिताना, सहज. "तुझं नाव बदलणार गं. मग यादीत कुठलं घालायचं?" ती लगेच म्हणाली होती, जणू तिनं ते ठरवूनच ठेवलं होतं —

"घरात काय ठेवायचं ते ठेवू द्या त्यांना. यादीत सुनंदा साळवेच टाका मॅडम. तेवढं एक तरी माझं ऱ्हाईल."

मग मीही तिला सांगितलं होतं की माझं माहेरचं नाव लीला. तुम्हाला ते माहीत नाही. तुमच्या बाबालाही क्वचितच आठवत असेल. लग्नाच्या तांदळात कोरून 'विद्या' झाले त्या दिवसापासून मला कुणी लीला म्हटलं नाही. एक अख्खी मुलगी कुठे गेली कळलं नाही. सुनंदा ऐकत होती. म्हणाली, "मंग तुमाला कळतंय."

मला कळत होतं. त्यानंतर चोवीस तासांच्या आत मी ते बटण तेरा वेळा दाबलं.

ती आपल्या आळीतली, आपल्यातली असती, तर मी असं केलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला खूप उशिरा विचारला. उत्तर मिळायला उशीर लागला नाही.

त्या खुल्या प्रोग्रॅमांचं पुढे काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तेव्हा आमच्याकडे एक सीडी होती. मग राहुरीहून कुणी कॉपी करून नेली, मग नगरला, मग कुठे कुठे. आता म्हणे जगातली निम्मी यंत्रं त्यावर चालतात, तुमच्या खिशातला फोनही. कुणी अडवायचं नाही, म्हणून ते वाढत गेलं. प्रत्येक प्रतीबरोबर सुनंदाचं काम गेलं, आणि प्रत्येक प्रतीबरोबर माझं खोटंही गेलं. कुठे कुठे लाईट गेली असेल, आली असेल, आणि बत्तिसावं कार्ड बाहेर आलं असेल — आणि दर वेळी माझ्या नावानं.

दुरुस्त करता आलं असतं का? आजही येतं, तेव्हाही येत होतं. त्या लोकांचा तर नियमच तो — चूक दिसली तर कुणीही कळवा, आम्ही सुधारू. कुणीही. पाच ओळींचं इंग्रजी पत्र. मला पाच ओळींचं इंग्रजी पत्र लिहायला किती वेळ लागतो? चूक कुठे आहे, ते जगात दोघींनाच माहीत होतं. एकीला इंग्रजी लिहिता येत नव्हतं.

काष्टीलाही मी कधी गेले नाही. शनिवारच्या बाजाराला इथून माणसं जातात-येतात. एकदा एका बाईनं निरोप आणला होता, "तुमची सुजाता भेटलती बाजारात, इचारत हुती मॅडम कशा हायेत." मी म्हणाले, "बरी आहे म्हणावं." सुजाता. मी तेही दुरुस्त केलं नाही.

सई, तुझं भाषण शुक्रवारी आहे. हे पत्र त्याआधी पोचेल. भिंतीवरच्या कागदाचं काय करायचं, ते मी सांगणार नाही.

काल सकाळी बसून मी त्या लोकांना पत्र लिहिलं. यादीत अमुक ठिकाणी नाव चुकीचं आहे. ते चुकून पडलेलं नाही, मी घातलेलं आहे. ते काम पूर्णपणे सुनंदा साळवे हिचं आहे. तिचं नाव लिहिताना मी तेरा बटणं दाबली. या वेळी हात थरथरत होता, आणि त्याचं काही विशेष नाही — वयच झालं आहे. पुढच्या प्रतींमध्ये ते बदलतील. मागच्या तशाच राहतील, जिथे जिथे गेल्या तिथे तिथे.

आणि हेही लिहून ठेवते. रविवारी तुझा फोन आला नसता, तर ते पत्र मी पाठवलं नसतं.

— आजी